महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलमधील दोन आघाडीच्या खेळाडूंची तुलना कशी करावी

अमेरिकेतील महिलांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये दोन मोठ्या खेळाडूंची नावे एका दमात घेतली गेली की वाद ठरलेल्या वाटेनेच जातो. एक बाजू गुणांची सरासरी पुढे करते, दुसरी जेतेपदावर बोट ठेवते, आणि मग दोन्हीकडचे लोक आपापल्या खेळाडूच्या सर्वोत्तम सामन्याच्या चित्रफिती काढून बसतात. यातून कोणाला कोण आवडते एवढे कळते; कोणाच्या हातात काय आहे, हे कळत नाही. कौशल्य जोखायचे तर आकडे आणि प्रत्यक्ष खेळ दोन्ही शेजारी ठेवून पाहावे लागतात, आणि प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारावा लागतो: हे तिने किती जबाबदारी अंगावर असताना केले?

पुढे मांडलेली पद्धत कोणत्याही जोडीला लागू पडते. पण पद्धत कोरडी सांगून उपयोग नाही, म्हणून उदाहरणासाठी केटलिन क्लार्क आणि पेज बेकर्स ही जोडी घेतली आहे. क्लार्क २०२० ते २०२४ या काळात आयोवा विद्यापीठाकडून खेळली. बेकर्स २०२० ते २०२५ या काळात कनेटिकट विद्यापीठाकडून, म्हणजे सगळे ज्याला यूकॉन म्हणतात त्या संघाकडून. दोघी गार्ड, म्हणजे रिंगपासून दूर राहून चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडू, दोघींचा पहिला हंगाम एकच आणि वयात अंतर जेमतेम तीन महिन्यांचे. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्येही, म्हणजे संघ नव्या खेळाडू क्रमाने निवडतात त्या प्रक्रियेत, दोघींची निवड पहिल्या क्रमांकावर झाली. क्लार्कची २०२४ मध्ये इंडियाना फीव्हरकडून आणि बेकर्सची २०२५ मध्ये डॅलस विंग्जकडून. तुलनेसाठी याहून सोयीची जोडी सापडणे अवघड आहे, आणि तरीही या जोडीत किती ठिकाणी घसरायला होते हे पाहण्यासारखे आहे.

प्रश्न आधी नेमका करावा

‘श्रेष्ठ कोण’ या प्रश्नात निदान तीन प्रश्न दडलेले असतात: कारकिर्दीत कोणी अधिक मिळवले, ऐन बहरात कोण अधिक प्रभावी होती, आणि कोणते कौशल्य कोणाकडे अधिक आहे. हे तिन्ही प्रश्न एकमेकांत मिसळले की उत्तर हाती लागत नाही.

क्लार्कने १३९ सामन्यांत ३,९५१ गुण मिळवले, बेकर्सने १२३ सामन्यांत २,४३९. हा फरक प्रचंड दिसतो आणि काही अंशी तो खराही आहे. पण त्यात दुखापतींचाही वाटा आहे. बेकर्सला २०२१-२२ च्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९ सामने बाहेर बसावे लागले, आणि गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध फाटल्यामुळे २०२२-२३ चा हंगाम पूर्णच गेला. एकूण गुणांची बेरीज सातत्य, तब्येत आणि संधी यांची मिळून बनते. त्यातून एकटे कौशल्य बाजूला काढता येत नाही.

जेतेपदाचेही तेच. क्लार्कचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या २०२३ आणि २०२४ अशा लागोपाठ दोन अंतिम सामन्यांत हरला, तर बेकर्सच्या संघाने ६ एप्रिल २०२५ रोजी साउथ कॅरोलिनाला ८२–५९ असे हरवून विजेतेपद मिळवले. मात्र त्या सामन्यात बेकर्सचे १७ गुण होते, आणि तिच्या सहकारी ॲझी फड आणि सारा स्ट्राँग यांचे प्रत्येकी २४. हे सांगितल्याने बेकर्सचे काही कमी होत नाही. जेतेपद हा संघाचा हिशेब असतो, एवढेच त्यातून दिसते. कौशल्याच्या तुलनेत जेतेपद आणि कारकिर्दीची बेरीज दोन्ही बाजूला ठेवावीत आणि खेळाचे भाग पाडावेत: शॉट मारणे, स्वतःसाठी शॉट तयार करणे, सहकाऱ्यांसाठी संधी निर्माण करणे, चेंडू सांभाळणे, चेंडू हातात नसताना हालचाल करणे, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणे) आणि बचाव. प्रत्येक भागाची तुलना स्वतंत्रपणे करावी आणि शेवटपर्यंत त्यांची बेरीज करण्याचा मोह टाळावा.

हंगाम जुळवावेत, आणि नियमही

एका खेळाडूचा चौथा हंगाम दुसरीच्या पहिल्या हंगामाशी ताडून पाहणे ही फार नेहमीची गफलत आहे. शक्यतो एकच हंगाम घ्यावा, नाहीतर महाविद्यालयातील एकाच क्रमांकाची वर्षे घ्यावीत. क्लार्क आणि बेकर्स यांच्यासाठी सर्वात योग्य हंगाम २०२३-२४ चा: दोघी पूर्ण हंगाम खेळल्या, प्रत्येकीने ३९ सामने खेळले, आणि दोघींचे संघ अंतिम चार संघांपर्यंत पोहोचले.

पहिला हंगाम, म्हणजे २०२०-२१ चा, घ्यायचा असेल तर एक गोष्ट विसरू नये. त्या हंगामात क्लार्कची थ्री-पॉइंटरची, म्हणजे तीन गुणांच्या दूरच्या शॉटची, टक्केवारी ४०.६ होती आणि बेकर्सची ४६.४. पुढच्याच हंगामापासून महिलांच्या महाविद्यालयीन स्पर्धांत तीन गुणांची रेषा २० फूट ९ इंचांवरून २२ फूट १¾ इंचांवर, म्हणजे साधारण ६.३२ मीटरवरून ६.७५ मीटरवर नेण्यात आली. क्लार्कची टक्केवारी त्या दुसऱ्या हंगामात ३३.२ पर्यंत उतरली आणि तिसऱ्या हंगामात पुन्हा ३८.९ वर गेली. घसरणीचे खापर सगळेच्या सगळे रेषेवर फोडता येणार नाही; प्रतिस्पर्धी संघांनी तिचा अभ्यास केला होता आणि ती स्वतः रेषेच्याही बरीच मागून शॉट घेत होती. पण २०२०-२१ ची टक्केवारी आणि त्यानंतरची टक्केवारी एकाच तक्त्यात शेरा न देता लिहिणे चुकीचेच.

नियमांचा प्रश्न दूरच्या काळातील खेळाडूंच्या बाबतीत अधिक गंभीर होतो. क्लार्कने ३ मार्च २०२४ रोजी पुरुषांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील पीट मॅराविचचा ३,६६७ गुणांचा विक्रम मागे टाकला, तेव्हा मॅराविच तीनच हंगाम खेळला होता आणि त्याच्या काळात तीन गुणांची रेषाच नव्हती, हे अनेकांनी लक्षात आणून दिले, आणि ते रास्तच होते. विक्रम मोडला हे खरे; त्यावरून दोघांच्या नेमबाजीबद्दल काही ठरत नाही, हेही तितकेच खरे.

खांद्यावरचा भार मोजावा

माझ्या मते तुलनेतील सर्वात महत्त्वाची आणि सर्वात दुर्लक्षित पायरी ही आहे. २०२३-२४ मध्ये क्लार्कची सरासरी ३१.६ गुण, ८.९ असिस्ट (ज्यांवरून सहकारी लगेच गुण करते असे पास) आणि ७.४ रिबाउंड अशी होती; बेकर्सची २१.९ गुण, ३.८ असिस्ट आणि ५.२ रिबाउंड. हे आकडे नुसते वाचले तर तुलना संपलीच असे वाटते. पण आता दुसरी ओळ वाचावी: क्लार्कने ४५.५ टक्के शॉट बास्केटमध्ये टाकले, बेकर्सने ५३ टक्के. क्लार्कच्या हातून दर सामन्यात सरासरी ४.७ वेळा चेंडू गेला, बेकर्सच्या हातून त्याहून पुष्कळ कमी वेळा. म्हणजे एकीकडे प्रचंड काम आहे आणि दुसरीकडे काटकसर, आणि दोन्ही एकमेकांशी बांधलेले आहे.

भार मोजण्याची सोपी रीत अशी. खेळाडूचे स्वतःचे गुण घ्यावेत, त्यात तिच्या असिस्टमधून झालेले किमान गुण मिळवावेत, म्हणजे प्रत्येक असिस्टचे निदान दोन, आणि ही बेरीज संघाच्या सरासरी गुणांशी ताडून पाहावी. क्लार्कच्या बाबतीत ३१.६ अधिक १७.८, म्हणजे किमान ४९.४ गुण होतात. आयोवाची त्या हंगामातील सरासरी सुमारे ९१ गुणांची होती. म्हणजे संघाच्या निम्म्याहून अधिक गुणांवर तिचा थेट हात होता, आणि असिस्टमधील थ्री-पॉइंटर धरले तर हा वाटा आणखी वाढतो. बेकर्सच्या बाबतीत २१.९ अधिक ७.६, म्हणजे २९.५, यूकॉनची सरासरी ऐंशीच्या आसपास होती, तेव्हा वाटा एक तृतीयांशाहून थोडा अधिक.

हा फरक ध्यानात आला की टक्केवारीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ज्या खेळाडूकडून प्रत्येक ताब्यात, म्हणजे चेंडू संघाकडे आला की दर वेळी, काहीतरी घडवण्याची अपेक्षा असते, तिच्या वाट्याला घड्याळ संपत आलेले, दोन बचावपटू अंगावर असलेले, दुसरे काही सुचत नाही म्हणून घेतलेले शॉटही येतात. तिची टक्केवारी त्यांनी खाली ओढली जाते. याउलट, ज्या खेळाडूला संघाच्या रचनेतून चांगला शॉट निवडण्याची मुभा असते तिची टक्केवारी वर राहते. मात्र निवड करणे हेही कौशल्यच आहे, हे विसरून चालणार नाही. बेकर्सने वाईट शॉट घेण्याचे टाळले, याचे सगळे श्रेय तिच्या प्रशिक्षकाला किंवा सहकाऱ्यांना देणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल.

भाराबरोबर वेगाचाही विचार करावा. आयोवाचा संघ धावता खेळ करत असे. अशा संघाच्या सामन्यात ताबे अधिक होतात आणि त्यामुळे गुण, असिस्ट आणि टर्नओव्हर (चेंडू गमावण्याच्या वेळा) सगळेच फुगतात. एका संघाचे ताबे मोजायचे ढोबळ सूत्र असे आहे: घेतलेले शॉट, त्यातून चढाईतील रिबाउंड वजा, त्यात टर्नओव्हर मिळवावेत आणि फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) संख्येला ०.४४ ने गुणून येणारा आकडा मिळवावा. दोन्ही संघांचे ताबे असे काढून खेळाडूचे आकडे दर शंभर ताब्यांमागे मांडले की वेगाचा फायदा गळून पडतो. एवढी उस्तवार करायची नसेल तर निदान दर ४० मिनिटांमागचे आकडे घ्यावेत. या जोडीत दोघी सामन्यात जवळपास सारखीच मिनिटे खेळत असल्याने मिनिटांचा हिशेब काही बदलत नाही, पण एक खेळाडू ३५ मिनिटे आणि दुसरी २५ मिनिटे खेळत असेल तर तो अटळ आहे.

शॉटची टक्केवारी जशीच्या तशी वाचू नये

तीन गुणांचा शॉट दोन गुणांच्या शॉटपेक्षा दीडपट मोलाचा असतो, त्यामुळे साध्या टक्केवारीत दूरून मारणाऱ्या खेळाडूचे नुकसान होते. यासाठी प्रभावी टक्केवारी काढतात: यशस्वी शॉटच्या संख्येत यशस्वी थ्री-पॉइंटरच्या निम्मी संख्या मिळवायची आणि एकूण शॉटने भागायचे. २०२४ च्या उपांत्य सामन्यात यूकॉनविरुद्ध क्लार्कने १८ पैकी ७ शॉट टाकले, त्यांतील ३ थ्री-पॉइंटर होते. साधी टक्केवारी ३८.९ होते, प्रभावी टक्केवारी मात्र ७ अधिक १.५, भागिले १८, म्हणजे ४७.२. सामना तिच्यासाठी अवघडच गेला होता, पण पहिला आकडा दाखवतो तितका वाईट नव्हता. फ्री थ्रोही हिशेबात घ्यायचे असतील तर एकूण गुणांना एका संख्येने भागतात. ती संख्या म्हणजे शॉट आणि ०.४४ पट फ्री थ्रो यांच्या बेरजेची दुप्पट. पुढे सरकत बचावपटूच्या अंगावर जाऊन फाउल मिळवणाऱ्या खेळाडूंना या मापात न्याय मिळतो.

यानंतर संख्या आणि टक्केवारी एकत्र वाचाव्यात. २०२३-२४ मध्ये क्लार्कने ५३२ थ्री-पॉइंटर घेतले आणि २०१ टाकले, टक्केवारी ३७.८. तिच्या हंगामातील १,२३४ गुणांपैकी ६०३, म्हणजे जवळजवळ निम्मे, एवढ्या एका शॉटमधून आले. बेकर्सची टक्केवारी ४१.६ होती, पण तिने घेतलेल्या थ्री-पॉइंटरची संख्या क्लार्कच्या निम्म्याहूनही कमी होती. दर प्रयत्नामागे गुण काढले तर क्लार्कचे १.१३ आणि बेकर्सचे १.२५ येतात. नेमकेपणात बेकर्स पुढे आहे, हे स्पष्ट आहे. पण क्लार्कच्या १.१३ ची बरोबरी करायला दोन गुणांचे शॉट जवळपास ५७ टक्के टाकावे लागतात, आणि तिचे बरेचसे थ्री-पॉइंटर ड्रिबल करता करता, हातावर बचावपटू असताना आणि रेषेच्या बऱ्याच मागून घेतलेले असत, हे पाहिले तर कोणाची नेमबाजी अधिक अवघड होती हेही तितकेच स्पष्ट होते.

म्हणून शॉटचे प्रकार वेगळे करावेत. पास मिळताच मारलेला शॉट आणि ड्रिबलमधून थांबून मारलेला शॉट ही दोन निराळी कौशल्ये आहेत. क्लार्कचा ओळखीचा शॉट म्हणजे डावीकडे ड्रिबल करत जाऊन मागे उडी घेत मारलेला थ्री-पॉइंटर. तो पाहताना चेंडूकडे न पाहता तिच्या पायांकडे पाहावे: बचावपटू मागे रेलते त्याच क्षणी तिचा पुढचा पाय रोवला जातो, शरीर मागे जाते आणि दोन्ही पाय पुन्हा जमिनीला लागण्याच्या आतच हात वर जायला सुरुवात झालेली असते. बेकर्सचे हक्काचे ठिकाण मधल्या अंतरावर, फ्री थ्रो रेषेच्या दोन्ही टोकांच्या आसपास आहे. ती तिथवर घाई न करता येते, एकदा खांदा टाकून बचावपटूला हलवते, आणि सरळ वर उडी घेऊन उंचावरून चेंडू सोडते. तिच्या शॉटमध्ये दिखाऊ काही नसते, म्हणून दोन मिनिटांच्या चित्रफितीत ती उठून दिसत नाही. पूर्ण सामना पाहिला की ती एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा तोच शॉट किती शांतपणे मिळवते, हे लक्षात येते.

मधल्या अंतरावरचा शॉट आकडेवारीच्या दृष्टीने महागडा समजला जातो, कारण अंतर बरेच असूनही गुण दोनच मिळतात. ही समजूत सरासरी खेळाडूसाठी योग्य आहे. पण ज्या खेळाडूची एकूण टक्केवारी ५३ आहे तिला तो शॉट सोडायला सांगणे हे आकड्यांचे अंधानुकरण होईल. शिवाय बाद फेरीत, बचाव घट्ट झाल्यावर आणि रिंगखालची व रेषेबाहेरची जागा बंद झाल्यावर हाच शॉट उरतो.

दूरच्या शॉटचा आणखी एक परिणाम कोणत्याही तक्त्यात येत नाही. क्लार्कने मध्यरेषा ओलांडली की बचावपटूला तिच्या अंगावर यावेच लागे. त्यामुळे उरलेल्या चार बचावपटूंना राखायची जागा मोठी पडे. हे मोजायचे असेल तर तिच्या हातात चेंडू नसताना तिची बचावपटू मदतीला किती पावले सरकते ते पाहावे. ती अजिबात सरकत नसेल तर खेळाडू शॉट न मारताही संघासाठी काम करत आहे.

असिस्टची संख्या आणि पास देण्याची कला

असिस्ट दोघींच्या हातून पूर्ण होतो; पास देणारीने कितीही सुंदर चेंडू दिला तरी समोरचीने तो बास्केटमध्ये टाकला नाही तर नोंद होत नाही. क्लार्कला पहिली तीन वर्षे मोनिका चिनानोसारखी, देशातील सर्वात अचूक शॉट मारणाऱ्यांत गणली जाणारी सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारी सहकारी, लाभली होती. यामुळे तिच्या असिस्टची संख्या वाढली यात शंका नाही. मात्र चिनानो महाविद्यालय सोडून गेल्यानंतरच्या हंगामात क्लार्कची असिस्टची सरासरी ८.६ वरून ८.९ वर गेली. एखाद्या सहकारी खेळाडूचा आधार किती होता हे तपासण्याची हीच उत्तम रीत आहे: ती गेल्यावर काय झाले, ते पाहावे.

यूकॉनच्या बाबतीत उलट काळजी घ्यावी लागते. प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांच्या पद्धतीत चेंडू सतत फिरतो, शॉटच्या आधीचा पास कोणीही देऊ शकते, आणि २०२३-२४ मध्ये चेंडू पुढे नेण्याचे काम बव्हंशी बेकर्सची सहकारी निका म्यूल हिच्याकडे होते. बेकर्सच्या ३.८ असिस्टवरून तिला पास देता येत नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे तिचे काम न समजणे. पहिल्या हंगामात, चेंडू अधिक काळ तिच्याच हातात असताना, तिची सरासरी ५.८ असिस्टची होती.

म्हणून पासांचेही प्रकार पाहावेत. क्लार्कचे वैशिष्ट्य लांबच्या पासात आहे: रिबाउंड हातात पडताच, मान वर करून, अर्ध्या कोर्टापलीकडे धावणाऱ्या सहकाऱ्याच्या पुढ्यात चेंडू. धोका पत्करून दिलेल्या अशा पासांतूनच तिचे बरेच टर्नओव्हर होत, त्यामुळे दोन्ही आकडे एकत्रच वाचावेत. ८.९ भागिले ४.७ म्हणजे एका टर्नओव्हरमागे साधारण १.९ असिस्ट, हे प्रमाण बरे आहे, असामान्य नाही. बेकर्सचे प्रमाण, विशेषतः २०२४-२५ मध्ये, खूपच चांगले होते. तिचा पास बचाव हलण्याची वाट पाहून, योग्य त्या क्षणी, छातीच्या उंचीवर जातो. एक खेळाडू दुसऱ्या कोणाला न दिसणारी वाट शोधते. दुसरी सर्वांना दिसणारी वाट कधी चुकवत नाही. यात अधिक कौशल्य कशात, हे मतावर सोडावे, पण फरक नोंदवावा.

बचाव आकड्यांतून दिसत नाही

स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावणे) आणि ब्लॉक (शॉट हवेतच अडवणे) यांची संख्या हा बचावाचा छोटासा भाग आहे. बेकर्सची २०२३-२४ मधील सरासरी २.२ स्टील आणि १.४ ब्लॉक अशी होती, आणि गार्डसाठी दुसरा आकडा थक्क करणारा आहे. पण त्या हंगामात यूकॉनच्या अनेक खेळाडू जखमी असल्याने तिला फॉरवर्डच्या जागी, रिंगच्या जवळ बचाव करावा लागत होता, हे त्यामागचे एक कारण. आकडा खरा, संदर्भ निराळा.

पाहायचे ते हे: प्रतिस्पर्धी संघातील कोणती खेळाडू हिच्यावर सोपवली आहे? आयोवा समोरच्या सर्वात धोकादायक गार्डवर सहसा गॅबी मार्शलला ठेवत असे, क्लार्कला नाही. चढाईचा एवढा भार असलेल्या खेळाडूला बचावात थोडी उसंत देणे प्रशिक्षकाच्या दृष्टीने शहाणपणाचे असते, मात्र तुलनेत ते लपवू नये. मग, समोरची खेळाडू किती वेळा हिला चकवून सरळ आत शिरते, सहकारी चकवली गेली तर ही वेळेवर मदतीला सरकते का, आणि शॉट उडाल्यावर ही आपल्या खेळाडूला अडवते की नुसती चेंडूकडे पाहत उभी राहते, हे मोजावे. या भागात बेकर्स पुढे आहे, असे मला नि:संदिग्धपणे वाटते.

प्रतिस्पर्धी आणि आमनेसामने झालेले सामने

आयोवा बिग टेन या विद्यापीठांच्या गटात खेळते, यूकॉन बिग ईस्ट या गटात. बिग टेनमध्ये बलवान संघ अधिक, तर यूकॉनचे बिग ईस्टमधील सामने पुष्कळदा एकतर्फी होतात, आणि एकतर्फी सामन्यात आघाडीची खेळाडू शेवटची काही मिनिटे बाकावर असते. त्यामुळे दोघींनी ज्या एका बलाढ्य संघाशी सामना केला तो निवडावा. इथे तो साउथ कॅरोलिना आहे. २०२३ च्या उपांत्य सामन्यात क्लार्कने त्यांच्याविरुद्ध ४१ गुण मिळवून आयोवाला ७७–७३ असे जिंकून दिले, आणि २०२४ च्या अंतिम सामन्यात ३० गुण मिळवूनही संघ ८७–७५ असा हरला. बेकर्सने फेब्रुवारी २०२१ मध्ये पहिल्याच हंगामात त्यांच्याविरुद्ध ३१ गुण केले, त्यांत संघाचे शेवटचे १३ गुण एकटीचे होते, आणि यूकॉनने जादा वेळेत ६३–५९ अशी बाजी मारली. २०२२ च्या अंतिम सामन्यात मात्र तिला १४ गुणांवर रोखले गेले आणि संघ ६४–४९ असा हरला.

आमनेसामनेच्या सामन्यांना लोक फार महत्त्व देतात. मी कमी देतो. २०२१ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सोळा संघांच्या फेरीत यूकॉनने आयोवाला ९२–७२ असे हरवले, तेव्हा क्लार्कचे २१ गुण होते आणि बेकर्सचे १८ गुण, ९ रिबाउंड व ८ असिस्ट. २०२४ च्या उपांत्य सामन्यात आयोवा ७१–६९ अशी जिंकली. क्लार्कचे २१ आणि बेकर्सचे १७ गुण. या दुसऱ्या सामन्यात क्लार्कवर बव्हंशी निका म्यूल होती, बेकर्स नव्हे. पहिल्या अर्ध्या भागात क्लार्कचे सहाच गुण झाले आणि सहापैकी एकही थ्री-पॉइंटर पडला नाही. हे यश म्यूलचे आणि यूकॉनच्या रचनेचे; ते बेकर्सच्या खात्यावर मांडता येत नाही. त्या दिवशी आयोवासाठी सर्वाधिक २३ गुण हॅना स्ट्यूल्कीने केले, आणि बचावाचे लक्ष क्लार्कवर खिळल्यामुळे तिला किती जागा मिळाली, हा त्या सामन्यातून घेण्याजोगा खरा मुद्दा आहे.

स्वतः सामने पाहताना

प्रत्येक खेळाडूचे तीन पूर्ण सामने निवडावेत: एक बलाढ्य संघाविरुद्धचा, एक साधारण, आणि एक ज्यात तिचा दिवस वाईट गेला तो. वाईट दिवसाचा सामना वगळू नये. शॉट पडत नसताना खेळाडू काय करते, यातूनच तिच्या बाकीच्या कौशल्यांची खोली कळते. एका वेळी एकाच खेळाडूवर नजर ठेवावी आणि प्रत्येक ताब्यासमोर थोडक्यात नोंद करावी: चेंडू तिच्या हातात कुठे आला, तिने काय ठरवले, ते ठरवणे योग्य होते का, आणि शेवटी काय झाले. निर्णय आणि परिणाम यांचे रकाने वेगळे ठेवावेत. योग्य शॉट चुकू शकतो आणि अयोग्य शॉट पडू शकतो. दोन्ही एकाच रकान्यात टाकले तर नोंदवहीतून तेवढेच कळते जेवढे गुणफलकावरून कळते.

दोन खेळाडूंच्या जागा निराळ्या असतील तर हीच नोंद अधिक जपून वाचावी. क्लार्क आणि लुइझियाना स्टेटची एंजल रीस यांची तुलना २०२३ च्या अंतिम सामन्यानंतर जोरात चालली, पण एक गार्ड आणि दुसरी रिंगजवळ खेळणारी फॉरवर्ड. रीसने २०२२-२३ मध्ये सरासरी २३ गुण आणि १५.४ रिबाउंड मिळवत एका हंगामात ३४ डबल-डबल (एका सामन्यात गुण आणि रिबाउंड यांसारखे दोन आकडे दहा किंवा अधिक) नोंदवले, हा विक्रम होता. तिचे कौशल्य चुकलेल्या शॉटचा अंदाज घेऊन जागा पकडण्यात आणि लागोपाठ दोन-तीन उड्या घेण्यात आहे. क्लार्कच्या थ्री-पॉइंटरशी ते ताडून पाहायला समान मापच नाही. अशा जोडीत प्रत्येकीची तुलना आधी तिच्या जागेवरच्या इतर खेळाडूंशी करावी, आणि मग कोण आपल्या जागेवर किती पुढे आहे, एवढेच विचारावे. तो अंतिम सामना लुइझियाना स्टेटने १०२–८५ असा जिंकला तेव्हा क्लार्कचे ३० गुण होते आणि रीसचे १५ गुण व १० रिबाउंड, तर विजेत्या संघासाठी सर्वाधिक २२ गुण बाकावरून आलेल्या जॅस्मिन कार्सनने केले होते.

निष्कर्ष लिहिताना

निष्कर्ष एका शब्दात न लिहिता अटीसह लिहावा. उदाहरणादाखल माझा असा: संघात गुण करणाऱ्या इतर खेळाडू कमी असतील आणि एकीनेच सारी चढाई उभी करायची असेल, तर महाविद्यालयीन काळातील क्लार्क हवी, कारण तिच्याइतका भार वाहून तिच्याइतके गुण आणि संधी निर्माण करणारी दुसरी या जोडीत नाही. संघात आधीच चांगल्या खेळाडू असतील, चेंडू वाटून खेळायचा असेल आणि चुका कमी हव्या असतील, तर बेकर्स हवी. नेमकेपणा, चेंडूची राखण आणि बचाव या तिन्हींत ती सरस आहे. दूरचा शॉट आणि लांबचा पास यांत क्लार्क, मधल्या अंतरावरचा शॉट आणि शॉटची निवड यांत बेकर्स. रिबाउंडमध्ये आकडा क्लार्कचा मोठा असला तरी दोघी गार्ड म्हणून उत्तमच. बेकर्सवर क्लार्कएवढा भार टाकला असता तर तिची ५३ टक्के नेमबाजी टिकली असती का, याचे उत्तर मात्र कोणत्याही सूत्रातून निघत नाही, आणि ज्याला ते ठामपणे माहीत आहे असे वाटते त्याच्या नोंदवहीतील निर्णय आणि परिणाम यांचे रकाने एकदा तपासून पाहावेत.